सेल : वाशीमच्या बाजारातली कुळकथा

‘सेल’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ नुसती विक्री. मराठीत येताना तो आखडला आणि स्वस्तातल्या विक्रीपुरता उरला. म्हणून दुकानात ‘सेल लागतो’, विक्री लागत नाही. त्याच्या आधी ‘रिबेट’ रुळला होता, तो गांधी जयंतीच्या सुमारास खादी भांडारात मिळणाऱ्या सवलतीमुळे. 26 जानेवारी 2006 ला बिग बझारच्या ‘सबसे सस्ता दिन’ला गर्दी आवरायला पोलीस लागले. 6 ऑक्टोबर 2014 ला फ्लिपकार्टच्या ‘बिग बिलियन डे’ने तीच झुंबड घरबसल्या करण्याची सोय केली.

वाशीम, रिसोड, कारंजा इकडच्या दिवाळी सेलचे मूळ मात्र शेतात शोधावे लागते. वऱ्हाडाचे जुने नगदी पीक कापूस. त्याची वेचणी दसऱ्याच्या सुमारास सुरू होते आणि पुढे कितीतरी दिवस चालते. त्यामुळे दिवाळीला कास्तकाराच्या हातात पैसा बेताचाच. कपडालत्ता दुकानदाराच्या वहीवर. उधारीच्या गिऱ्हाइकाने भाव करायचा नसतो, तिथे सूट कुठली! पुढे सोयाबीनने कापसाची जागा घेत नेली. जूनमध्ये पेरलेले हे पीक शंभरेक दिवसांत सोंगणीला येते आणि मळणी होते ती नेमकी दिवाळीच्या तोंडावर. रोख गिऱ्हाईक एकदमच बाजारात उतरू लागले. त्याला ओढण्यासाठी मग ‘एकावर एक फ्री’चे फलक झळकले.

या रोखीची किंमत आधी बाजार समितीच्या आवारात मोजली जाते. ट्रॉलीतले मूठभर दाणे तळहातावर घेतले जातात, एखादा दाताखाली फोडून पाहिला जातो, ओलावा यंत्रावर मोजला जातो आणि माल ओला म्हणून भाव पडतो. वाळवायला चार-आठ दिवस हवेत. पण दिवाळीत बाजार समिती बंद राहणार, घरी पोरे नव्या कपड्यांची वाट पाहणार. हमीभावाच्या केंद्रावर माल दिला तरी पैसे लगेच हातात पडत नाहीत. कास्तकार मिळेल त्या भावाला देऊन मोकळा होतो. खरा सेल हाच, आणि त्याला फलक नसतो. क्विंटलमागे 600 रुपये कमी मिळाले तर 10 क्विंटलला 6000 रुपयांचा फटका बसतो; त्याच संध्याकाळी 8000 रुपयांच्या कपड्यांवर 20 टक्के सूट मिळाली, तर वाचतात 1600.

काउंटरच्या पलीकडे उभ्या पोरांचे दिवसही लांबतात. राज्याच्या 2017 च्या दुकाने कायद्याने दिवसाला 9 तास काम आणि जादा कामाला दुप्पट मजुरी ठरवली. पण दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना त्यातल्या बहुतेक तरतुदी लागूच केल्या नाहीत. तालुक्याच्या गावातली कापडाची दुकाने बहुधा एवढीच लहान.

2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा 12 टक्के. मोकळ्या बाजारातले भाव हमीभावाच्या खाली होते. केंद्राने ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत सैल केली ती नोव्हेंबरच्या मध्यात. तोवर दिवाळी होऊन गेली होती.