दोन थेंबांचा रविवार

महागावच्या बसस्टँडवर तुम्ही गाडीची वाट पाहत उभे आहात. खिशातल्या बाटलीतून थोडं सॅनिटायझर हातावर घेता, चोळता. गार लागतं, अर्ध्या मिनिटात उडून जातं. आणि तारीख मागे सरकते. आर्णीवरून घाटंजी तालुक्यात शिरून तुम्ही कापसी-कोपरीला उतरता, तो दिवस असतो ३१ जानेवारी २०२१. पोलिओचा रविवार.

लेकरं कडेवर घेऊन बाया आल्या आहेत. पोलिओची कुपी बर्फाच्या डब्यातून निघते, हाताला थंडगार लागते. लेबलवर बारीकसा चौकोन असतो, उष्णता लागली की काळवंडणारा. सॅनिटायझरला असली खूण नाही, उलट वास नाकाला झोंबतो. तरीही पाच वर्षांखालच्या १२ लेकरांच्या तोंडात आज सॅनिटायझरचेच थेंब पडतात. तुम्ही "थांबा!" म्हणून ओरडता. कुणाला ऐकू जात नाही.

हातावरचं अल्कोहोल करोनाच्या विषाणूचं चरबीचं आवरण फोडतं, त्याची प्रथिनं विस्कटून टाकतं. त्यासाठी पाणीही लागतं, म्हणून बाटलीत अल्कोहोल साधारण ७०-८० टक्केच असतं. पोलिओच्या विषाणूला तर असं आवरणच नाही, त्याच्यावर सॅनिटायझरची मात्रा फारशी चालत नाही. पोटात गेलेलं अल्कोहोल मात्र उडून जात नाही, रक्तात उतरतं. लहान लेकराच्या रक्तातली साखर त्याने झपाट्याने खाली येऊ शकते.

एका लेकराला उलटी होते. सगळ्यांना यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात हलवतात. तिथल्या पलंगांजवळ जागणाऱ्या आया पाहून तुमचा जीव कासावीस होतो. लेकरं वाचली, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना अजून नाही.

तारीख आता थोडी पुढे सरकते. एप्रिल २०२१, वणी. टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून काही जण सॅनिटायझर पितात. सात जण जातात. यवतमाळ जिल्ह्याने तीन महिन्यांत दुसऱ्यांदा सॅनिटायझर पोटात गेलेलं पाहिलं.

गाडीचा हॉर्न वाजतो. तुम्ही परत महागावात. बाटली अजून हातातच आहे. आज घरी गेलात की फडताळ उघडून पाहा. सॅनिटायझर, फिनेल, विहिरीत टाकायची टीसीएल पावडर, काहीही औषधाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलं असेल तर आजच काढा, आणि लेकराचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.