नीलरोगी बालकांचे तीन दाते

धर्मादायाचा इतिहास वाचताना आपण बहुधा शिलालेख वाचतो. ज्याचे नाव दगडावर कोरलेले, तोच दाता, असा आपला हिशेब असतो. हा हिशेब कितपत खरा, हे पाहण्यास अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी झालेल्या एका शस्त्रक्रियेचा वृत्तांत उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

जन्मतः हृदय सदोष असलेली काही मुले निळसर दिसतात. १८८८ साली मार्सेय येथील फालो या वैद्याने अशा एका व्यंगाची चार लक्षणे एकत्र वर्णिली: हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास छिद्र, फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद, महारोहिणी त्या छिद्रावर सरकलेली आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड. रक्तास पुरेसा प्राणवायू न मिळाल्याने मूल चार पावले चालले की दम लागून उकिडवे बसते. रोग ओळखता आला. पण पुढील अर्धशतकाहून अधिक काळ त्यावर उपाय मात्र कोणाच्या हाती नव्हता.

या कथेतील पहिली दात्री हॅरिएट लेन जॉन्स्टन. अमेरिकेचे अध्यक्ष बुकॅनन यांची ही भाची. १८८१ आणि १८८२ अशा लागोपाठच्या दोन वर्षांत तिचे दोन्ही पुत्र संधिवातज्वराने गेले. १९०३ साली ती वारली, तेव्हा रोगी बालकांच्या रुग्णालयासाठी तिने मोठी देणगी ठेवली होती. त्या धनातून उभे राहिलेले बालरुग्णालय १९१२ साली जॉन्स हॉपकिन्स संस्थेच्या आवारात उघडले. एका मातेच्या शोकास अशी वास्तू लाभली.

त्याच वास्तूतील हृदयरोगविभाग १९३० साली डॉ. हेलन टॉसिगबाईंकडे आला. बाईंची श्रवणशक्ती अधू झालेली. त्यामुळे मुलांच्या छातीवर हात ठेवून त्या हृदयाचे स्पंदन जाणून घेत. त्यांना असे दिसले की, जन्मापूर्वी महारोहिणीस फुप्फुसाच्या धमनीशी जोडणारी नलिका जन्मानंतर मिटली की ही निळी मुले अधिकच खालावतात. १९३८ साली बोस्टन येथे डॉ. ग्रॉस यांनी एका मुलीची अशीच उघडी राहिलेली नलिका बांधून बंद केली होती. जी बंद करता येते, ती नव्याने निर्माण का करता येऊ नये? हा प्रश्न म्हणजेच बाईंचे दान होय.

प्रश्न डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी स्वीकारला. परंतु त्याचे उत्तर प्रयोगशाळेत प्रत्यक्ष घडविले ते व्हिव्हियन टॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकाने. सुतारकाम शिकलेल्या या तरुणास डॉक्टर व्हावयाचे होते. परंतु १९३० साली बँक बुडाली आणि शिक्षणासाठी साठविलेला पैसाही तिच्याबरोबर बुडाला. त्याने सुमारे २०० कुत्र्यांवर प्रयोग करून हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीस जोडण्याची रीत सिद्ध केली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ब्लॅलॉक यांच्या पाठीमागे टॉमस उभा राहून टाका कोणत्या दिशेने घ्यावा हे सांगत होता. ती मुलगी काही महिनेच जगली. परंतु १९४५ च्या फेब्रुवारीत तिसऱ्या रोग्याचे, एका लहान मुलाचे, निळे ओठ शस्त्रक्रियेच्या मेजावरच गुलाबी झाले.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधावर नावे दोनच होती: ब्लॅलॉक आणि टॉसिग. टॉमसचा उल्लेखही नव्हता. संशोधकाचे काम करणाऱ्या या माणसास नॅशव्हिल येथे झाडलोट करणाऱ्या नोकराच्या वर्गात घालून वेतन दिले गेले. बाल्टिमोर येथेही त्यास इतके थोडे मिळे की, ब्लॅलॉक यांच्याच मेजवान्यांत पेये वाढून त्यास प्रपंचास हातभार लावावा लागे. १९७६ साली संस्थेने त्यास सन्मान्य डॉक्टर केले. अलीकडे शस्त्रक्रियेच्या नावात त्याचेही नाव जोडले जाते.

कोणी म्हणेल, वेतन घेणाऱ्यास दाता कसे म्हणावे? आमचे उत्तर असे की, त्याच्या कामाचे खरे मोल आणि त्याच्या हाती पडलेले वेतन यांत जे अंतर होते, तेवढे त्याने दिलेच. फरक एवढाच की, हॅरिएटबाईंनी आपले धन स्वेच्छेने दिले. टॉमसला मात्र कोणी विचारलेच नाही. गुलाबी झालेल्या त्या ओठांवर तिघांचेही ऋण आहे. पण न विचारता घेतलेल्या वस्तूस दान म्हणून गौरविणे म्हणजे घेणाऱ्याचा दोष झाकणे होय, हे धर्मादायाची बखर लिहिणाऱ्याने विसरू नये.