घरी ऑफिससारखा फ्लश : पाणी पुरेल का?



ऑफिसात किंवा विमानतळावर टाकी नसलेला, नुसत्या व्हॉल्व्हवर चालणारा फ्लश आपण सगळ्यांनी पाहिला आहे. जर्मनीत त्याला 'ड्रुकश्प्यूलर' म्हणतात. इथल्या जुन्या इमारतींत, म्हणजे आल्टबाऊमध्ये, तो घरांतही आढळतो. टाकी भरण्याची वाट पाहावी लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. गणपतीत घर पाहुण्यांनी भरले की तो पटतोच! त्यामुळे बाथरूम नवीन करताना 'आपणही हाच बसवावा का?' असा विचार मनात येतो. तसा विचार असलेल्यांसाठी आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

मुद्दा लिटरचा नाही, वेगाचा

६ लिटरचा फ्लश धरला तर पाणी दोन्ही प्रकारांत तेवढेच लागते. टाकी, म्हणजे श्प्यूलकास्टन, ते आधी सावकाश साठवून ठेवते. ड्रुकश्प्यूलरला तेच पाणी थेट लाइनमधून काही सेकंदांत मिळावे लागते. पाइपांची मापे ठरवणाऱ्या डीआयएन १९८८-३०० (२०१२) या जर्मन मानकातील आकडे असे :

- टाकी : सेकंदाला ०.१३ लिटर, किमान दाब ०.५ बार
- ड्रुकश्प्यूलर, डीएन २० : सेकंदाला १ लिटर, किमान दाब १.२ बार

म्हणजे जवळजवळ आठपट! आपल्या आयटीच्या भाषेत सांगायचे तर फाइल तेवढीच, पण बँडविड्थ आठपट हवी. शिवाय हा दाब पाणी वाहत असतानाचा आहे, नळ बंद असतानाचा नाही.

भारतात गच्चीवरच्या टाकीतून १० मीटर उंचीला जेमतेम १ बार दाब मिळतो. म्हणून तिकडे फ्लश व्हॉल्व्हला ३२ किंवा ४० मिमीची जाड लाइन देतात. इथे दाब जास्त असल्याने एवढी जाड लाइन लागत नाही, पण टाकीची बारीक लाइनही पुरत नाही.

अडते कुठे?

१. पाइप : १५ मिमीच्या तांब्याच्या पाइपाचा आतला व्यास १३ मिमी असतो. त्यातून सेकंदाला १ लिटर न्यायचे तर पाण्याचा वेग ७.५ मीटर होतो. आवाज होतो आणि दाब पार उतरतो. २२ मिमीच्या पाइपात हाच वेग ३.२, तर २८ मिमीच्या पाइपात सुमारे २ मीटर होतो. फक्त शेवटचा तुकडा बदलून भागत नाही, मीटरपासूनची सगळी लाइन पाहावी लागते. जुन्या लोखंडी पाइपांत गंज आणि क्षार साचलेले असतील तर अडचण आणखी वाढते.

२. मीटर : फ्लॅटमधल्या मीटरवर 'क्यू३ २.५' असे लिहिलेले असेल तर त्याची थोड्या वेळापुरती कमाल मर्यादा ताशी ३.१२५ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ०.८७ लिटर असते. ड्रुकश्प्यूलरला ती कमी पडते. 'क्यू३ ४' असेल तर १.३९ लिटरपर्यंत चालते.

३. शॉवर : लाइन अपुरी असली तर फ्लश दाबताच थंड पाण्याचा दाब पडतो आणि शॉवरखालच्या माणसाला एकदम गरम पाण्याचा चटका बसू शकतो. घरात लहान मुले असतील तर हे विशेष लक्षात ठेवा.

खरेदीपूर्वी काय करावे?

- मीटरवरील आकडा आणि दिसणाऱ्या पाइपांची जाडी लिहून घ्या.
- तळघरातल्या किंवा बागेतल्या जाळी नसलेल्या नळाखाली १० लिटरची बादली भरून वेळ मोजा. १० सेकंद लागले तर सेकंदाला १ लिटर. हा फक्त अंदाज आहे, कारण नळ स्वतःही पाणी अडवतो.
- भाड्याच्या घरात आधी घरमालकाची लेखी परवानगी घ्या.
- पाण्याच्या लाइनमधले मोठे बदल स्वतः करू नका. जर्मन नियमांनुसार ते पाणीपुरवठा कंपनीने किंवा नोंदणीकृत इन्स्टॉलाट्यूअरनेच करायचे असतात. संडासातले पाणी उलटे पिण्याच्या पाण्यात शिरू नये म्हणून व्हॉल्व्हला 'रोअरउंटरब्रेखर' असतो. तो आहे ना, हे त्यांना जरूर विचारा.

पाणी पुरत नसेल तर भिंत फोडून नवी लाइन टाकण्यापेक्षा भिंतीआड बसणारी टाकी बरी. दिसायला ती ऑफिससारखीच सुटसुटीत असते आणि तिला बारीक लाइन चालते. ६ लिटर पुन्हा भरायला वरच्या आकड्यानुसार पाऊण मिनिट लागते. पाहुण्यांना तेवढे थांबावे लागेल, इतकेच!