वाद्यवृंदाचे यश

तिगाव असो वा पांढुर्णा, लग्नसराईत वरात निघाली की बँडवाल्यांकडे पहिली मागणी होते ती सिनेमातील गाण्याची. क्लॅरिनेटवर मुखडा वाजताच लोक गाणे ओळखतात, गायिकेचे नावही सांगतात. मूळ गाण्यात ट्रंपेट कोणी वाजविले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. श्रोतेहो, मग वाद्यवृंद यशस्वी झाला असे म्हणावे तरी केव्हा?

1951 सालचा 'अलबेला' घ्या. त्याचे कर्ते भगवानदादा अमरावतीत जन्मलेले, म्हणजे तिगावकरांचे जवळजवळ शेजारीच. संगीतकार सी. रामचंद्र हे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. त्यांच्या संगीतात ट्रंपेट वाजविणारे आंतोनियो झेवियर वाझ गोव्यातील हळदोण्याचे. 'चिक चॉकलेट' हे त्यांचे व्यावसायिक नाव. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा वाद्यवृंद वाजत असे. 'अलबेला'तील एका नृत्यात तो पडद्यावरही दिसतो.

गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. ती विद्या घेऊन मुंबईस आलेले वादक चित्रपटसंगीताचा कणा ठरले. 1952 साली रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि पुढे गाण्यांचे क्रमांक लागू लागले. क्रमांक गाण्याला मिळे. वादकाच्या नावाला त्यात जागा नव्हती.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभारून राग आणि पाश्चात्य वाद्यमेळ एकत्र आणला. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात झालेल्या कार्यक्रमात लता मंगेशकर व मन्ना डे गायिले. परंतु आश्रयाअभावी तो उपक्रम टिकला नाही. व्यवहाराच्या हिशेबाने हे अपयशच. तथापि त्यांच्यापाशी व्हायोलिन शिकलेले प्यारेलाल पुढे लक्ष्मीकांत यांच्यासह नामवंत संगीतकार झाले, आणि 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तील एका गाण्यात गुरूचे नाव देशभर दुमदुमले. ते एका खऱ्या माणसाचे नाव आहे, हे गुणगुणणाऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊकही नव्हते.

मला वाटते, खप आणि बिदागी यांवर वाद्यवृंदाचे पोट चालते. त्याचे यश मात्र विद्या शिष्याच्या हाती जाण्यात आणि शिष्याने ऋण उच्चारण्यात आहे. पुढच्या वरातीत बँडवाल्यांना फर्माईश जरूर करा; जाताना त्यांचे नाव आणि त्यांच्या गुरूचेही नाव विचारून घ्या.