पडद्याखालचा नंबर

टीव्ही आपण सगळ्याच बघतो, पण पडद्याच्या खालच्या पट्टीवर सरकणाऱ्या नंबराकडे फारसं कुणी बघत नाही. गायकाला मत द्या, प्रश्नाचं उत्तर कळवा, डॉक्टरांना विचारा, दान पाठवा. प्रत्येक गोष्टीला एक नंबर. मला मात्र त्या पट्टीत आपल्या बायकांचा तीस वर्षांचा इतिहास दिसतो. आपलं म्हणणं ऐकून कोण घेत होतं आणि त्याचे पैसे कोण घेत होतं, असे दोन्ही हिशोब त्यात आहेत.

सुरुवात नंबराने झालीच नाही, ती पत्त्याने झाली. 1990 साली दूरदर्शनवर ‘सुरभि’ सुरू झालं. आपली मराठी मुलगी रेणुका शहाणे आणि सिद्धार्थ काक ते सादर करायचे. शेवटी एक प्रश्न विचारत आणि उत्तर पोस्टकार्डावर मागत. साधं कार्ड तेव्हा 15 पैशांना मिळायचं. 1993 साली एका आठवड्यात 14 लाखांवर पत्रं आली आणि टपाल खात्याला स्पर्धेसाठी 2 रुपयांचं वेगळं कार्ड काढावं लागलं. ही गोष्ट लोक कौतुकाने सांगतात. पण त्यातलं दुसरं टोकही बघा: प्रेक्षकाच्या उत्साहाला वेगळा दर लावता येतो, हे तेव्हाच कळलं होतं. मात्र तो पैसा सरकारी टपाल खात्यात जात होता आणि किंमत कार्डावर छापलेली होती.

मग फोन आला. सह्याद्री वाहिनीवरच्या ‘हॅलो सखी’ने बायकांना थेट प्रक्षेपणात बोलायची सोय दिली. ताई, माझं वय अमुक, मला असा त्रास होतो, असं एखादी बाई गावाचं नाव सांगून विचारायची आणि समोरच्या डॉक्टरीणबाई नीट समजावून उत्तर द्यायच्या. सासूसमोर जो विषय तोंडातून निघत नव्हता, तो अख्ख्या महाराष्ट्रासमोर निघायचा, कारण चेहरा दिसत नव्हता. मी तर म्हणते, पडद्यावरच्या नंबराचं ते सगळ्यात चांगलं रूप होतं.

पण आमच्यासारख्या सीमेपलीकडच्यांना ते महागात पडायचं. मंचेरियल गोदावरीकाठचं, सिंगरेणीच्या कोळशाचं गाव. तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं, 2016 पासून स्वतःच जिल्हा झालं. बाजारात तेलुगू, शेजारी उर्दू, घरात मराठी. रेल्वेने कागजनगर, विरूर केलं की बल्लारशा येतं, म्हणजे महाराष्ट्र काही लांब नाही. फोनला मात्र मुंबई लांबच. एसटीडीचा दर अंतरावर आणि वेळेवर ठरायचा. दिवसा पूर्ण दर, रात्री उशिरा पाव दर. म्हणून नातेवाइकांना फोन करायला लोक रात्री जेवण उरकून बूथवर रांग लावत. आमचा चौविहार, त्यामुळे जेवणं सूर्यास्ताआधी आटपलेली असायची, रांगेत आमचा नंबर आधी. पण दिवसाच्या कार्यक्रमाला फोन दिवसाच करावा लागणार! बूथवर लाल आकडे पळायचे, लाइन ‘एंगेज’ लागायची, आणि मागे उभे असलेले पुरुष कान देऊन ऐकायचे. अशा जागी कोणती बाई आपल्या पाळीचा त्रास सांगणार? फोन होता, पण बाईसाठी आडोसा नव्हता. आम्ही दुसऱ्यांचे प्रश्न ऐकून आपली उत्तरं गोळा करायचो.

आडोसा मोबाइलने दिला. 2003 साली येणारे कॉल फुकट झाले, हँडसेट स्वस्त झाले आणि हळूहळू घरातल्या बाईच्या हातातही फोन आला. नेमक्या त्याच वेळी वाहिन्यांनी छोटे नंबर आणले. स्टारचा 7827, एनडीटीव्हीचा 6388. जुन्या बटणांच्या फोनवर ते दाबून बघा, इंग्रजीत वाहिनीचं नावच उमटतं. लक्षात ठेवायला किती सोपं! पण या नंबरांवर साध्या एसएमएसचा दर लागत नसे. जादा दर पट्टीत असायचा, बारीक अक्षरात.

‘इंडियन आयडॉल’चा पहिला विजेता अभिजीत सावंत 2005 साली अशाच मतांवर ठरला. पुढच्या पर्वात हैदराबादचा कारुण्य अंतिम फेरीत गेला, 2010 साली श्रीरामचंद्र जिंकला. इकडे 2009 च्या फेब्रुवारीत झी मराठीच्या ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये कार्तिकी गायकवाड जिंकली. आमच्या गल्लीने तेलुगू मुलांनाही मतं दिली आणि कार्तिकीलाही. गाणं बाजूला राहिलं, ‘आपला मुलगा, आपली मुलगी’ हे पुढे आलं. एका माणसाला कितीही मतं देता येत होती. म्हणजे ज्याच्या फोनमध्ये जास्त रिचार्ज, त्याची मतं जास्त. याला मतदान म्हणायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं.

याचा हिशोब एकदा खरोखर मांडला गेला. 2007 साली ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये घरबसल्या प्रेक्षकांसाठी ‘हर सीट हॉट सीट’ नावाची स्पर्धा होती. उत्तर एसएमएसने पाठवायचं, सोडतीत नाव निघालं तर 2 लाख. एका एसएमएसला 2 रुपये 40 पैसे. एका ग्राहक संस्थेने तक्रार केली. राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे आलेल्या आकड्यांप्रमाणे सुमारे 5 कोटी 80 लाख एसएमएस आले होते, म्हणजे जवळजवळ 13 कोटी 92 लाख रुपये. बक्षीस प्रेक्षकांच्याच पैशातून दिलं आणि ते फुकट असल्याचा भास केला, असं म्हणून आयोगाने 2008 साली स्टार आणि एअरटेलला 1 कोटीचा दंड लावला. सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली तो रद्द केला, कारण तसा निष्कर्ष काढायला पुरावा नव्हता. कायद्याचा निकाल तो झाला. पण थेंबाथेंबाने तळं कोणाचं साचतं, हे आपल्याला त्या खटल्यामुळे कळलं.

हाच नंबर चांगल्या कामालाही लागला. मे 2012 मध्ये ‘सत्यमेव जयते’चा पहिला भाग स्त्री-भ्रूणहत्येवर होता. राजस्थानातल्या अशा खटल्यांसाठी जलदगती न्यायालय हवं का, असं विचारलं आणि 1 रुपयाचा एसएमएस मागितला. ते पैसे अहमदनगरच्या ‘स्नेहालय’ संस्थेला जाणार, हेही सांगितलं. पैसे किती, जाणार कुठे, मागणी कशाची, तिन्ही गोष्टी उघड. 2014 च्या पर्वात तर नुसत्या मिस्ड कॉलवर पाठिंबा घेतला. मिस्ड कॉल ही आपल्या बायकांचीच युक्ती ना! ‘पोचले’ सांगायला एक रिंग, ‘भाजी आण’ला दोन.

आता मतं ॲपवर गेली. पैसे लागत नाहीत, पण आपला नंबर तिकडे नोंदला जातो. आणि जुन्या सवयीचा फायदा चोर घेतात. केबीसीच्या नावाने 25 लाखांची लॉटरी लागली, आधी कराचे पैसे भरा, असे व्हॉट्सॲप निरोप वर्षानुवर्षं फिरतात. त्यात दुपारी एकट्या घरी असणाऱ्याही फसतात. इतकी वर्षं पडद्याने शिकवलं की नंबर लावला की नशीब उघडतं. आता तो नंबरच आपल्याला फोन करतो, मग खरा वाटणारच!

म्हणून मैत्रिणींनो, नंबर दिसला की तीन प्रश्न विचारा. याला पैसे किती लागतात? ते कुणाकडे जातात? आणि पलीकडे माणूस ऐकतोय की नुसतं मशीन मोजतंय? धार्मिक वाहिनीवरच्या दानाच्या पट्टीलाही हेच विचारा. त्यात श्रद्धा कमी होत नाही. दान सुपात्री असावं, हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. आणि कुणी फसलीच, तर लाजून गप्प बसू नका, घरचे रागावतील म्हणून लपवू नका. लगेच 1930 लावा. पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर अडवता येतात. हा नंबर कोणत्याही मालिकेच्या खाली सरकत नाही. तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, आपल्या हाताने लिहून ठेवावा.