कैरोची टॅक्सी आणि कॅसेट प्लेअरची किंमत

गाडीतला स्टिरिओ बदलून घ्यावा का, त्यावर घातलेला पैसा वसूल होतो का, असे विचारले की उत्तर बहुधा वॉट आणि रुपयांत मिळते. दुकानदार म्हणतो, घेऊन टाका. मेकॅनिक म्हणतो, कंपनीच्या वायरिंगला हात लावू नका. घरचे म्हणतात, आहे तो वाजतोय ना! या प्रश्नाचे एक उत्तर इतिहासातही आहे आणि ते १९७० च्या दशकातल्या कैरो शहरात सापडते. तिथल्या टॅक्सीवाल्यांनी आपल्या जुन्या गाड्यांत कॅसेट प्लेअर बसवून घेतले. केवळ आवाजाच्या दर्जाचा हिशेब मांडला, तर तो खर्च फुकट गेला असेच म्हणावे लागेल. पण हिशेब तेवढ्यावर संपत नाही.

आधी गाडीतल्या रेडिओबद्दल थोडेसे. अमेरिकेत १९३० साली पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटोरोला नावाचा कार रेडिओ बाजारात आणला. त्याची किंमत शंभर डॉलरच्या वर होती आणि त्या काळात साधी नवी फोर्ड पाचशे-सहाशे डॉलरला मिळे. म्हणजे गाडीच्या किमतीचा पाचवा-सहावा हिस्सा आवाजावर घालायचा की नाही, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. मात्र रेडिओ कितीही महागाचा घेतला तरी त्यावर काय वाजणार, हे स्टेशन ठरवायचे.

इजिप्तमध्ये स्टेशन म्हणजे सरकार. १९३४ मध्ये तिथे राष्ट्रीय रेडिओ सुरू झाला. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी उम्म कुलसुम यांची मैफल लागली की अरब जगातले रस्ते ओस पडत. १९५३ मध्ये ‘सौत अल-अरब’ म्हणजे ‘अरबांचा आवाज’ हे केंद्र सुरू झाले आणि नासर यांची भाषणे देशोदेशी पोहोचू लागली. १९६४ मध्ये फक्त कुरआनसाठी वेगळे केंद्र निघाले. कारी महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजातले संपूर्ण कुरआनचे ध्वनिमुद्रण त्यावरून घरोघरी गेले. हे सारे मोलाचे होते, पण वरून खाली येणारे होते. कोण गाईल, कोण बोलेल, कोणाचा खुतबा ऐकवला जाईल, याचा निर्णय एका इमारतीत होई.

मग गाडीत आपल्या पसंतीचे काही वाजवायची सोय का नव्हती? प्रयत्न झाले होते. १९५६ मध्ये क्रायस्लर कंपनीने गाडीत चक्क रेकॉर्ड प्लेअर बसवला, तो फार काळ टिकला नाही. १९६६ च्या मॉडेलपासून फोर्डने ‘एट-ट्रॅक’ नावाची जाडजूड टेप देऊ केली. ती चालली, पण लोक ती मुख्यतः भरलेली विकत घेत. १९६३ साली फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेली छोटी कॅसेट मात्र वेगळी निघाली. ती खिशात मावे. कोरी मिळे. घरच्या यंत्रावर कोणालाही भरता येई आणि एकीवरून दुसरी उतरवता येई. शिवाय फिलिप्सने इतर कारखानदारांनाही तिचे उत्पादन मोकळे करून दिले, त्यामुळे ती जगभर एकाच मापाची झाली.

ही कॅसेट इजिप्तमध्ये सर्वसामान्यांच्या हाती आली ती दोन वाटांनी. १९७४ मध्ये अन्वर सादात यांनी ‘इन्फिताह’ म्हणजे खुले आर्थिक धोरण आणले आणि परदेशी मालाला दार उघडले. त्याच सुमारास तेलाचे भाव चढले. लाखो इजिप्शियन कामगार आखातात आणि लिबियात गेले आणि परतताना टेपरेकॉर्डर घेऊन आले. आपल्या रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम वस्त्यांना हे चित्र नवे नाही. आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाच्या सामानातला ‘टू-इन-वन’ म्हणजे त्या काळी घराची शान होती.

टॅक्सीतही साम्य होते. कैरोच्या काळ्या-पांढऱ्या टॅक्सींमध्ये इजिप्तच्या ‘नस्र’ या सरकारी कारखान्यात जुळणी झालेल्या फियाट खूप होत्या. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनीही फियाटच्याच घराण्यातली. या गाड्या काही संगीतासाठी बनलेल्या नव्हत्या. पत्रा पातळ, इंजिनाची घरघर, उन्हामुळे उघड्या काचा आणि बाहेर हॉर्नचा गोंगाट. अशा गाडीत प्लेअर आणि स्पीकर बसवून मिळणारा आवाज कसा असेल, हे सांगायला तज्ज्ञ नको. त्यात कॅसेटही बहुधा नकलेवरून उतरवलेली नक्कल. प्रत्येक नकलेत खरखर वाढे.

त्या खरखरीतून काय ऐकू येत होते? एक म्हणजे अहमद अदविया. गल्लीतल्या लग्नांत गाणारा हा गायक. त्याची भाषा रस्त्यावरची, म्हणून सरकारी रेडिओच्या अभिरुचीत तो बसत नव्हता. कॅसेटने त्याला देशभर नेले. दुसरे शेख इमाम. लहानपणीच दृष्टी गेलेला, कुरआन पठणात तयार झालेला हा माणूस ऊद वाजवत कवी अहमद फुआद नज्म यांची राजकीय गाणी गाई. १९७४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन कैरोला आले, तेव्हा या जोडीने त्यांच्या स्वागताची खिल्ली उडवणारे गाणे केले. दोघेही अनेकदा तुरुंगात गेले, गाणी मात्र हातोहात फिरत राहिली.

आणि तिसरे शेख अब्दुल हमीद किश्क. हेही दृष्टिहीन. कैरोच्या एका मशिदीत त्यांचा जुम्याचा खुतबा ऐकायला इतकी गर्दी होई की आसपासचे रस्ते भरून जात. ते सरकारवर टीका करत, सिनेमा-संगीतावर करत, विनोद करत आणि रडवतही. त्यांची सगळीच मते पटण्यासारखी होती असे नाही. कलावंतांवरची त्यांची टीका अनेकांना कठोर वाटे, आजही वाटते. पण रेडिओवर जागा नसलेला हा आवाज कॅसेटवरून इजिप्तबाहेरही पोहोचला. सप्टेंबर १९८१ मध्ये सादात यांनी विरोधकांची धरपकड केली, त्यात किश्क यांनाही अटक झाली. १९८२ मध्ये सुटल्यावरही त्यांना पुन्हा मिंबरवर चढू दिले गेले नाही. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. मिंबर बंद झाला तरी कॅसेट वाजत होत्या.

एकाच टॅक्सीत सकाळी हुसरींचे पठण, दुपारी अदवियाचे गाणे आणि संध्याकाळी किश्क यांचा खुतबा लागू शकत होता. त्या प्लेअरने आवाज सुधारला नाही, आवाज निवडण्याचा हक्क दिला. टॅक्सीवाल्याचा पैसा वसूल झाला तो असा.

भारतातही याची एक बाजू दिसते. १९५२ मध्ये मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. पुढे १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या आणि जुन्या रेकॉर्ड कंपन्यांची मक्तेदारी मोडली. कव्वाली, नात, तकरीर, भजन, लोकगीते असे कितीतरी प्रकार तेव्हाच टपरीवर आणि ट्रकच्या केबिनमध्ये पोहोचले.

पण या हक्काला दुसरी बाजू आहे, ती म्हणजे मागच्या सीटवर बसलेला प्रवासी. त्याने काही निवडलेले नसते. अमेरिकी अभ्यासक चार्ल्स हर्शकाइंड यांनी कैरोतल्या खुतब्यांच्या कॅसेटवर २००६ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांचे निरीक्षण असे, की हे ऐकणे नुसते कानावर पडणे नव्हते. श्रोते त्यातून स्वतःला वळण लावू पाहत, मनाची मशागत करत. हे खरे असेल, तर न ऐकणाऱ्यावर तोच आवाज लादणे म्हणजे त्या मशागतीचाच अवमान. कुरआन पठण चालू असताना लक्ष देऊन ऐकावे आणि शांत राहावे, अशी शिकवण सूरह अल-आराफमध्ये आहे. भाड्यावरून घासाघीस चालू असताना आणि हॉर्न वाजत असताना लावलेल्या पठणाचा आदर कितपत राहतो, हा प्रश्न प्रत्येक चालकाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आज निवडीचा हक्क फोनने देऊन टाकला आहे. अदविया, इमाम, किश्क, हुसरी सगळे खिशात आहेत. त्यामुळे नवा स्टिरिओ घेताना आज उरतो तो फक्त आवाजाचा दर्जा, आणि त्याला गाडीची मर्यादा आहे. भारतीय वंशाचे प्राध्यापक अमर बोस यांनी जनरल मोटर्सबरोबर केलेले काम १९८२ मध्ये बाजारात आले. त्यामागचा विचार हाच होता की काचा, सीट, दरवाजे लक्षात घेऊन त्या-त्या गाडीसाठीच आवाज बेतायचा. पत्रा थरथरणाऱ्या दरवाज्यात महागडा स्पीकर लावून पैसा अर्धा वाया जातो. कंपनीचे स्पीकर फाटले असतील, तर तेवढे बदलावेत आणि दरवाज्याच्या पत्र्याला आतून थरथर शोषणारे अस्तर लावून घ्यावे. रोज तास-दोन तास गाडीत जात असतील, तर हा खर्च सार्थकी लागतो.

मोठा अँप्लिफायर आणि डिकी भरणारा बास मात्र बहुधा गाडीत बसलेल्यासाठी नसतो, तो रस्त्यावरच्यांसाठी असतो. ज्यांचा आवाज कोणी ऐकवत नव्हते, त्यांच्यासाठी कैरोच्या टॅक्सीवाल्यांनी पैसे मोजले होते. ज्यांना ऐकायचेच नाही त्यांना ऐकवण्यासाठी कर्ज काढण्याचे कारण मला तरी दिसत नाही.