ड्युअल बूट म्हणजे काय? एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स कसं ठेवतात?

पिंपरी-चिंचवड, चाकण हा वाहन उद्योगाचा पट्टा. इथे डिझाइनमध्ये करिअर करायचं तर सॉलिडवर्क्ससारखं सॉफ्टवेअर लागतं आणि ते फक्त विंडोजवर चालतं. रोबोटिक्सकडे वळायचं तर 'रॉस' शिकावं लागतं, ते प्रामुख्याने उबुंटू लिनक्सवर वापरतात. दोन लॅपटॉप प्रत्येकाला परवडत नाहीत. अशा वेळी ड्युअल बूट कामी येतं.

ड्युअल बूट म्हणजे काय?

एकाच कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम स्वतंत्र पार्टिशनमध्ये ठेवणं. कॉम्प्युटर सुरू होताना 'ग्रब' हा बूटलोडर मेन्यू दाखवतो, त्यातून हवी ती सिस्टीम निवडायची. एका वेळी एकच चालते, त्यामुळे रॅम आणि प्रोसेसर पूर्ण तिच्या वाट्याला येतात.

आधी काय करावं?

खरा धोका डेटाचा असतो. चुकीचं पार्टिशन निवडलं तर प्रोजेक्ट, फोटो सगळं पुसलं जाऊ शकतं. त्यामुळे:

१. बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घ्या.
२. बिटलॉकर तपासा. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये ते आधीच सुरू असतं. बूट सेटिंग बदलल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती नसेल तर डेटा कायमचा अडकतो. की आधीच लिहून ठेवा.
३. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा.
४. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून किमान २५ जीबी जागा मोकळी करा.

त्यानंतर पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू करायचं आणि इन्स्टॉल करताना 'विंडोजसोबत' हा पर्याय निवडायचा. 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय निवडला तर विंडोजही जातं.

नंतर काय अडचणी येतात?

लिनक्स वापरून परत विंडोजमध्ये आलं की घड्याळ अनेकदा साडेपाच तास मागे दिसतं. लॅपटॉप बिघडलेला नसतो. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सच्या सेटिंगमध्ये हे बदलता येतं.

विंडोज अपडेटमुळेही गडबड होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मधल्या एका अपडेटनंतर अनेक ड्युअल बूट कॉम्प्युटरवर लिनक्स सुरूच होईना.

कंपनीच्या लॅपटॉपवर चालेल का?

आयटी विभागाच्या परवानगीशिवाय नाही. फक्त लिनक्स शिकायचं असेल तर व्हर्च्युअल मशीन पुरतं, त्यात पार्टिशनला हात लावावा लागत नाही.